घरच्यांना लागेल तेव्हा देईनच की, मग आधी कशाला देऊन ठेवायचं? (रक्तदानाबद्दल)

निळी_छत्री:
बरेच दिवस विचारायचं होतं. मी आजवर एकदाही रक्त दिलेलं नाही. भीती वगैरे काही नाही, सुईची तर अजिबात नाही, पण माझा साधा हिशोब असा की ग्रुप बी पॉझिटिव्ह, म्हणजे कुठेही मिळेल असा, आणि घरच्या कुणाला किंवा मित्राला लागलं तर मी रात्री दोन वाजता सुद्धा जाऊन आडवा होईन, त्यात प्रश्नच नाही. मग आत्ता कुणा अनोळखी माणसासाठी देऊन मोकळं व्हायचं आणि नेमकं घरी लागलं तेव्हा "तुमचे तीन महिने झाले नाहीत, चालणार नाही" असं ऐकायचं, हे काही पटत नाही. ऑफिसातला एक जण नियमित देतो, तो म्हणाला तुझं गणितच उलटं आहे, पण का उलटं ते विचारल्यावर "रक्तदान श्रेष्ठदान" सुरू केलं त्याने. ते पोस्टरवर वाचलंय मी. पुण्य वगैरे बाजूला ठेवून कोणी सांगेल का की माझ्या गणितात चूक कुठे आहे? आणि घरच्याच माणसाचं रक्त अनोळखी माणसाच्या रक्तापेक्षा जास्त चांगलं नाही का, निदान कोणाचं आहे ते माहीत तरी असतं.

लॅबमधला:
रक्तपेढीत काम करतो म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

रात्री दोन वाजता तुम्ही याल, रक्त द्याल, सगळं मान्य. पण ते रक्त त्या रात्री तुमच्या माणसाला चढणार नाही. पिशवी घेतानाच छोट्या ट्यूबमध्ये सॅम्पल घेतात, त्यावर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, ठिकाण बघून मलेरिया अशा टेस्ट होतात, ग्रुप परत तपासतात, तोवर इकडे पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लाल पेशी, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) वेगळ्या करायचं काम चालू असतं. टेस्ट एका पिशवीसाठी सुट्टी लावत नाहीत सहसा, बॅच लागते. सगळे रिपोर्ट हातात येईपर्यंत ती पिशवी वेगळ्या फ्रिजमध्ये बंद, तिला कोणी हात लावत नाही. हे आटपायला बहुतेक वेळा दुसरा दिवस उजाडतो. आणि बाळंतपणात रक्तस्राव थांबत नाहीये किंवा अ‍ॅक्सिडेंटची केस टेबलवर आहे तिथे दुसरा दिवस कोणाकडे असतो? त्यांना मिळतं ते आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वी कोणीतरी येऊन देऊन गेलेलं, टेस्ट होऊन तयार ठेवलेलं. क्रॉसमॅच (पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त एकमेकांना चालतं का ही तपासणी) करून द्यायला तास धरा, तेवढाही वेळ नसेल तर ओ निगेटिव्हची पिशवी क्रॉसमॅच न करताच पाठवतात. म्हणजे तुम्ही धावत येऊन दिलेलं रक्त जातं ते तुमच्या माणसाने वापरलेल्या पिशवीची जागा भरायला. जीव वाचवलेला असतो तो आधी देऊन गेलेल्याने, ज्याला तुम्ही ओळखत नाही आणि जो तुम्हाला ओळखत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लोकांनी रक्त द्यायला प्रचंड रांगा लावल्या. भावना खरीच होती. पण जखमींना प्रत्यक्षात लागलं ते अगदी थोडं, तेही आधीच साठ्यात होतं, आणि नंतर गोळा झालेल्यातलं बरंच मुदत संपून फेकावं लागलं. लाल पेशी फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात (पिशवीत कोणतं द्रावण आहे त्यावर), प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस, त्याही फ्रिजमध्ये नाही, २० ते २४ डिग्रीला मशिनवर सारख्या हलवत ठेवाव्या लागतात. गोठवलेला प्लाझ्मा तेवढा वर्षभर राहतो. त्यामुळे एका दिवशी हजार लोक येऊन आम्हाला उपयोग नाही हो, रोज थोडे थोडे यायला पाहिजेत.

बी पॉझिटिव्ह कॉमन आहे म्हणून चिंता नाही, हेही जरा तपासून बघा. जो ग्रुप लोकांत जास्त तोच पेशंटमध्येही जास्त, त्यामुळे त्याची मागणीही तेवढीच, आणि फ्रिज उघडल्यावर कॉमन ग्रुपचाच रॅक रिकामा असं आम्ही बऱ्याचदा बघतो. दुर्मिळ ग्रुपवाल्यांची निदान यादी तरी असते, फोन करून बोलावता येतं. बॉम्बे ग्रुपवाल्यांना तर साधं ओ सुद्धा चालत नाही (साध्या टेस्टला ते ओ सारखेच दिसतात, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत हा ग्रुप शोधला म्हणून ते नाव), त्यांचे डोनर एकमेकांना धरून असतात. बी पॉझिटिव्हची यादी कोण ठेवणार? आपोआप येतील असंच सगळे धरून चालतात.

आता घरच्याचं रक्त. इथे लोकांना धक्का बसतो पण जवळच्या नातेवाईकाचं रक्त उलट जास्त धोक्याचं असू शकतं. रक्तात दात्याच्या थोड्या पांढऱ्या पेशी जातातच. अनोळखी माणसाच्या असतील तर पेशंटचं शरीर त्या परक्या म्हणून ओळखतं आणि संपवतं. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्या पेशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की शरीर त्यांना परकं समजतच नाही, त्या आत तग धरतात आणि मग त्याच पेशंटच्या शरीरावर हल्ला करतात. फार क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक पेशंट वाचत नाहीत. म्हणून नातेवाईकाचंच द्यायची वेळ आली तर पिशवी आधी रेडिएशन देऊन मगच लावतात. आणि ज्या बाईला पुढे मूल हवंय तिला नवऱ्याचं रक्त शक्यतो देत नाहीत, कारण त्याच्या पेशींविरुद्ध तिच्या शरीरात अँटिबॉडी तयार झाल्या तर पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ शकतो.

तिरकस:
सगळं ठीक आहे साहेब, पण एक सांगा, आमच्याकडून फुकट घेता आणि पेशंटला बिल लावता, हे कसं? भावाच्या ऑपरेशनच्या वेळी मी स्वतः भरलंय ते बिल. आणि वर "दोन डोनर आणा तरच पिशवी सोडतो" ही दमदाटी. माझ्याकडे डोनर कार्ड होतं, ते बघितलं पण नाही कोणी. तेव्हापासून मी बंद केलं द्यायचं. ज्यांना श्रेष्ठदान करायचंय त्यांनी खुशाल करावं.

लॅबमधला:
@तिरकस रक्ताचे पैसे नसतात ते, पिशवी, टेस्टची किट, कंपोनंट (रक्तातले घटक) वेगळं करायची मशिन, चोवीस तास चालणारे फ्रिज आणि माणसं यांचे असतात. आता कोण किती लावतं आणि ते योग्य का, यावर तुम्ही भांडा, मी तुमच्या बाजूने येईन. फुकट मिळालेली वस्तू विकतात एवढंच म्हणू नका, कारण टेस्ट न झालेलं रक्त म्हणजे औषध नाही, जोखीम आहे.

"डोनर आणा" बद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. ती पद्धतच वाईट आहे. ज्याचा माणूस आयसीयूमध्ये आहे त्याला डोनर शोधायला पिटाळायचं हे माणुसकीला धरून नाहीच, पण सेफ्टीलाही धरून नाही. जागतिक आरोग्य सभेने १९७५ मध्येच ठराव केला होता की देशांनी पैसे न घेता स्वेच्छेने देणाऱ्यांवर आधारलेली व्यवस्था उभी करावी. आणि डोनर आणायची सक्ती बंद व्हायला एकच रस्ता मला दिसतो, तो म्हणजे न मागता येणारे लोक पुरेसे असणं. साठा भरलेला असेल तर कोणी कोणाला अडवत नाही.

तिरकस:
म्हणजे सिस्टीम सुधारेपर्यंत आम्हीच देत राहायचं. छान.

मृदगंध:
@तिरकस दादा, तुमचा राग समजू शकते, डोनर आणा हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय मला सांगता येणार नाही. माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, ते जन्मभर. त्याचं शरीर कामाच्या लाल पेशी पुरेशा बनवूच शकत नाही त्यामुळे दुसऱ्यांच्याच रक्तावर तो शाळेत जातो, खेळतो, भांडतो. तारीख पुढे गेली की आधी त्याचं खेळणं बंद होतं, मग चिडचिड, मग नुसता पडून राहतो, तेव्हा कळतं एचबी (हिमोग्लोबिन) खाली गेलंय.

निळी छत्री यांचं गणित घरात कधीतरी एकदा लागेल असं धरून केलेलं आहे, ऑपरेशन, अपघात वगैरे. आमच्यासारख्यांचं तसं नाही ना. मी आणि नवरा, काका, मावशी, सगळे देऊन झाले तरी दर तीन आठवड्यांना कोण पुरणार, आणि वरती लॅबमधला यांनी सांगितलंय तसं नातेवाईकांचं आम्हाला द्यायचंच नाही असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पुढे कधी बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायचा झाला तर घरच्यांचं रक्त आधी घेतलेलं असणं अडचणीचं ठरू शकतं. म्हणजे ज्याच्यावर आमच्या मुलाचं जगणं चाललंय ती सगळी माणसं अनोळखीच आहेत, एकाचंही नाव आम्हाला माहीत नाही.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्यांना माहीत नसते. इतक्या वेगवेगळ्या लोकांचं रक्त घेऊन काही मुलांच्या शरीरात अँटिबॉडी तयार होतात, मग नुसतं ए बी ओ आणि आरएच जुळून चालत नाही, केल वगैरे बाकीचे छोटे ग्रुपही जुळवावे लागतात. तेव्हा ज्यांची सगळी टाइपिंग झालेली आहे असे नेहमीचे दाते लागतात. वर्षातून एकदा वाढदिवसाला देणाऱ्यांचेही आभारच आहेत, पण रक्तपेढी ज्याला ओळखते असा माणूस वेगळा. आणि प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मुलाच्या अंगात जातं, ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नसते, त्यासाठी रोज वेगळं औषध. असो, तो विषय वेगळाच आहे, सुरू झाले की थांबत नाही मी.

पळपुटा:
माझी अडचण छत्रीभाऊंच्या उलट आहे. मला द्यायचंय पण चक्कर येते. पहिल्यांदा गेलो तेव्हा देऊन उठलो आणि थेट जमिनीवर, मित्रांनी व्हिडिओ काढला ते वेगळंच. पुढच्या वेळी तिथल्या सिस्टरने दोन गोष्टी सांगितल्या त्या लिहितो कोणाला उपयोगी पडल्या तर. जायच्या आधी अर्धा लिटर पाणी प्यायचं, उपाशी जायचं नाही, आणि रक्त चालू असताना पायाच्या आणि पोटाच्या स्नायूंना घट्ट ताण द्यायचा, सोडायचा, परत ताण, असं करत राहायचं, त्याने ब्लडप्रेशर एकदम पडत नाही. दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं निमूट पडून राहायचं, हिरोगिरी करून टुणकन उठायचं नाही. मला फरक पडला. घाम फुटतो अजून, पण पडलो नाही परत. सिस्टर म्हणाली तरुण, वजनाने कमी आणि पहिल्यांदा देणारे यांना हे जास्त होतं, नुसतं रक्त कमी झाल्याने नाही, घाबरल्यानेही शरीराची ती रिअ‍ॅक्शन असते.

निळी_छत्री:
सगळ्यांना थँक्स, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. नातेवाईकांचं रक्त चालत नाही हे तर मला पूर्ण नवीन आहे, घरी सांगितलं तर आईने विश्वासच ठेवला नाही. रात्री दोनवाला मुद्दा मात्र कळला. दोन शंका. एक, टेस्ट होतातच तर मग पैसे घेऊन देणारा, नातेवाईक म्हणून देणारा आणि स्वेच्छेने देणारा यात फरक काय पडतो, रिपोर्ट सगळ्यांचा सारखाच ना. दोन, ते "एका पिशवीने तीन जीव वाचतात" हे खरं का, की ते पण पोस्टरच?

लॅबमधला:
आधी दुसरं सांगतो, ते निम्मं पोस्टरच आहे. एका पिशवीतून दोन-तीन कंपोनंट निघतात हे खरं, आणि ते वेगवेगळ्या पेशंटला जाऊ शकतात हेही खरं. पण एका पेशंटला बऱ्याचदा एकापेक्षा जास्त पिशव्या लागतात, मोठ्या माणसाला चांगला डोस द्यायचा तर अशा चार-सहा जणांच्या प्लेटलेट्स एकत्र कराव्या लागतात, आणि प्लाझ्मा कधीकधी थेट पेशंटला न जाता त्यापासून औषधं बनवायला जातो. त्यामुळे तीन जीव असा हिशोब मी कोणाला सांगत नाही.

पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. इन्फेक्शन झाल्यापासून ते टेस्टमध्ये दिसेपर्यंत मधे काही दिवस जातात, त्याला विंडो पिरियड म्हणतात. नॅट टेस्टने (ही थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते) तो काळ बराच कमी झालाय पण शून्य नाही झालेला. त्या दिवसांत दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ येतो आणि रक्त मात्र स्वच्छ नसतं. तिथे मशिन काही करू शकत नाही, तिथे लागतो तो दात्याचा खरेपणा. म्हणून आधी फॉर्म भरून घेतात, खाजगी प्रश्न विचारतात, नवीन टॅटू, इंजेक्शन, शरीरसंबंध, आजार, औषधं. आता विचार करा, ज्याला पैसे मिळणार आहेत तो खरं सांगेल का? आणि ज्याला सगळं घर बाहेर बाकावर बसून बघतंय, आत काकांचं ऑपरेशन अडलंय, तो "मला नाही देता येणार" असं म्हणू शकेल का? म्हणला तर बाहेर येऊन कारण सांगावं लागेल. तो खोटारडा असतो असं नाही, तो कोंडीत सापडलेला असतो. जो आपल्या मर्जीने, कोणी न बोलावता येतो, त्याला परत जायला काहीच लागत नाही. यंदा जमणार नाही म्हणून निघून जातो, विषय संपला. बऱ्याच ठिकाणी घरी गेल्यावर फोन करून "माझं वापरू नका" असं सांगायचीही सोय असते, कारण विचारत नाहीत. म्हणूनच नियमित, पैसे न घेता देणाऱ्यांच्या रक्तात इन्फेक्शन सापडायचं प्रमाण सगळ्यात कमी असतं.

जाताजाता, तीन महिन्यांची तुमची धास्ती. तुम्ही देऊन महिनाच झालाय आणि घरी लागलं, तरी काही बिघडत नाही, कारण तसंही लागणार आहे ते शेल्फवरचं. तुम्ही नाही तर दुसरा कोणी देऊन गेलेला असेल.

सायलेंट_मोड:
बायकांच्या बाजूने पण एक लिहिते. मी दरवेळी उत्साहाने जाते आणि एचबी १२ येतं म्हणून परत पाठवतात, बऱ्याच ठिकाणी १२.५ लागतं. आधी वाटायचं थोडक्यासाठी काय एवढं, पण डॉक्टर मैत्रिणीने समजावलं की एका वेळी ३५० ते ४५० मिली जातं, त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, लाल पेशी भरायला आठवडे लागतात आणि लोहाचा साठा भरायला कित्येक महिने जातात. पाळीमुळे आमचा साठा आधीच काठावर असतो. म्हणजे तो नियम पेशंटसाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त आहे. कोणाला असं परत पाठवलं तर नुसतं पालेभाज्या खा म्हणून सोडून देऊ नका, लोह तपासून घ्या, मला त्यातूनच कळलं की माझं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) तळाला गेलंय.

सायकलवाला:
नियमित देणारा आहे, थोडी भर. संपूर्ण रक्त दोन-चार महिन्यांतून एकदाच देता येतं पण प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स मशिनवर दिल्या तर लाल पेशी परत अंगात सोडतात, त्यामुळे बऱ्याच लवकर परत देता येतं. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन माहीत असतील, त्यांच्या प्लाझ्मात अँटी-डी नावाची अँटिबॉडी होती, आरएच निगेटिव्ह आयांच्या बाळांना वाचवणारं इंजेक्शन त्यापासून बनतं. १९५४ पासून २०१८ पर्यंत ११७३ वेळा दिलं त्यांनी, वयामुळे थांबवलं तेव्हा थांबले. सुईकडे मात्र एकदाही बघितलं नाही म्हणे, तोंड फिरवून बसायचे. २०२५ मध्ये गेले. @पळपुटा तुम्ही एकटे नाही आहात.

तिरकस:
हे भारी आहे.

निळी_छत्री:
ठीक आहे, शनिवारी जाऊन येतो. सायकलवाल्यांनी लिहिलं त्या प्लेटलेट्स थेट देता येतात का पहिल्याच वेळी? मुदत ५ दिवसच म्हटल्यावर तीच जास्त लागत असणार असा माझा अंदाज.

लॅबमधला:
अंदाज बरोबर आहे, पण पहिल्या वेळी साधं रक्तच द्या. शरीर कसं घेतं ते तुम्हालाही कळतं आणि तुमचा रेकॉर्डही तयार होतो. प्लेटलेट्ससाठी तास-दीड तास मशिनला जोडून बसावं लागतं, हाताच्या शिरा चांगल्या लागतात, आधी प्लेटलेट काउंट बघतात, आणि दोन-तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली असेल तर परत पाठवतात. साधं देताना तिथल्या टेक्निशियनला शिरा दाखवून ठेवा आणि प्लेटलेट डोनरच्या यादीत नाव, नंबर लिहायला सांगा. शनिवारी जायच्या आधी एक फोन करा, गर्दी कधी कमी असते तेही सांगतील. रात्री झोप झालेली नसेल तर मात्र रविवारी जा.